जवसाचं तेल, काळा ठिपका

५ जानेवारी, रविवार

आज रायफलीच्या लाकडी दस्त्याला तेलाचा पहिला हात दिला, म्हणून ही वही उघडली. बायकोने, नेल्डाने, नाताळात दिली तेव्हा मी म्हटलं होतं, "मी काय लिहिणार? बर्फ पडला, बर्फ उपसला, जेवलो." पण तेलाचे हात लिहून ठेवायला हवेत. जुनी माणसं सांगून गेलीत: आठवडाभर रोज एक हात, मग महिनाभर दर आठवड्याला एक, मग वर्षभर दर महिन्याला एक, आणि मग जिवात जीव असेपर्यंत वर्षाला एक. म्हणजे बाहत्तराव्या वर्षी मी मरेपर्यंतचं काम अंगावर घेतलंय. नेल्डा म्हणाली, "बरं झालं, निदान घरात तरी राहशील."

रायफल साधी, बावीस बोअरची, लांब आणि जड नळीची. शिकारीची नव्हे, चांदमारीची, नेमबाजीची. खाणीतल्या पहिल्या पगारातून घेतली होती. दस्ता अक्रोडाचा, पण आधीच्या मालकाने त्यावर काकवीसारखं व्हार्निश थापलं होतं. सगळा डिसेंबर ते खरवडण्यात गेला. खाली जे लाकूड निघालं ते पाहून मी मघाशी बराच वेळ नुसता बसून राहिलो. एवढी वर्षं गाल टेकवला त्याच्यावर, आणि आत हे होतं!

खरवडायचं कारण वेगळं आहे. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या गोळ्या भरकटायला लागल्यात. माझं निदान असं की व्हार्निशखाली लाकूड फुगलं आणि ते नळीला एका बाजूने रेटतंय. क्लाइडला सांगितलं तर तो म्हणाला, "असेल बुवा." क्लाइड ट्रेव्हॅरो म्हणजे नेल्डाचा धाकटा भाऊ. कितीतरी वर्षं दर बुधवारी तो चांदमारीत माझ्या शेजारी पालथा पडतो. त्याला लाकडातलं काही कळत नाही.

तळहातावर जवसाच्या तेलाचे चार थेंब घ्यायचे आणि हात गरम होईपर्यंत चोळायचे. त्या वासाने वडील आठवले. खिडक्यांच्या काचा ते ह्याच तेलात मळलेली लांबी भरून बसवायचे. डोळे गेल्यावर ते स्टोव्हजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. विचारायचे, "रेइनो, बर्फ थांबला का रे?" उन्हाळ्यातसुद्धा विचारायचे. मी "थांबला" म्हणायचो.

८ जानेवारी, बुधवार

माझी रायफल सुटी करून ठेवलीय, म्हणून आज क्लबची वापरली. शंभरात सत्तर. आपली बायको माहेरी गेल्यावर शेजारणीच्या हातचं जेवावं तसं झालं.

गावच्या सभागृहाच्या तळघरात, आमच्या क्लबात, आता आम्ही चौघंच उरलोय. मी, क्लाइड, आणि मार्विन व लूसिल ओया. हे नवराबायको भांडायला येतात आणि अधूनमधून गोळ्या मारतात. प्रत्येकाला एक कार्ड, कार्डावर दहा काळे ठिपके, एकेका ठिपक्याला एकच गोळी. मध्यावर लागली तर दहा गुण. आणि आपलं कार्ड आपण मोजायचं नाही, शेजाऱ्याने मोजायचं. हा नियम देवळातल्यासारखा पाळतात. माझं क्लाइड मोजतो. पेन्सिल कानामागून काढतो, भिंग लावतो, आणि असा चेहरा करतो की जणू कुणाचं मृत्युपत्र वाचतोय.

दिवा बदलायला हवा. ठिपक्याच्या नेमक्या मधोमध धुरकट डाग दिसतो. मी म्हटलं तसं तिघांनी वर दिव्याकडे पाहिलं. लूसिल म्हणाली, "हो, जुना झालाय."

काडतुसांचं तर विचारू नये. स्वस्ताईच्या काळात क्लबाने भरून ठेवलेला साठा संपला. पूर्वी ज्या पैशात खोकं यायचं त्यात आता डबी येते, आणि तीही हलक्या मालाची. आज मार्विनचं एक काडतूस घरंगळलं, तर एवढा अगडबंब माणूस रांगत रांगत ते शोधत होता. लूसिल म्हणाली, "लग्नाची अंगठी हरवली तेव्हा नव्हता असा रांगला."

१४ जानेवारी, मंगळवार

दस्त्याने तेल प्यायचं थांबवलं. आता वरवर चोळायचं. संध्याकाळचं ऊन खिडकीतून त्याच्यावर पडतं तेव्हा लाकडाच्या आत कुणीतरी दिवा घेऊन हळूहळू चालल्यासारखं वाटतं. मी ते बघत बसतो. कॉफी गार होते.

नेल्डाने दस्त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथं राहिलंय." खरंच एक पट्टा कोरडा होता. मला दिसला नव्हता. ढगाळ हवेत उजेडच कुठे असतो?

रस्त्याकडेचा विजेचा खांब वाकलाय. मधूनच पोट काढल्यासारखा दिसतो. वीजकंपनीला फोन केला. पोरगा आला, वर-खाली पाहिलं, म्हणाला, "काका, खांब सरळ आहे." मी म्हटलं, "सरळ असेल तर तुझी मान वाकडी असेल." त्याला कॉफी दिली. हल्लीची पोरं कामाला आली की आधी मोबाइल बघतात.

१८ जानेवारी, शनिवार

नळीचा जुना रंग उडालाय, तोही नव्याने चढवतोय. ह्याची खरी रीत उलटी असते. नळीवर मुद्दाम गंज चढवायचा. औषधाचं पाणी फिरवून उबदार, दमट जागी टांगायची. तांबडी लव आली की पाण्यात उकळायची, म्हणजे तांबड्याचं काळं होतं. मग घासून पुन्हा टांगायची. असं करत करत तिला निळसर काळी झळाळी येते आणि मग खरा गंज तिच्याजवळ फिरकत नाही.

आता उबदार आणि दमट जागा आमच्याकडे एकच. सॉना, आमच्या घराण्याची अंगणातली वाफेची न्हाणी.

नेल्डाने दार उघडलं आणि किंचाळली. "माणसांनी घाम गाळायचा की नळ्यांनी?" तिचं माहेर कॉर्निश, म्हणजे इंग्रजी, तिला पंचेचाळीस वर्षांत सॉनाचं पावित्र्य कळलं नव्हतं, ते आज एकदम कळलं. नळी उकळायला तिचं कपड्यांचं लांबट भांडं घेतलं त्यावरून वेगळं महाभारत झालं. पण मग तीच माझ्याशेजारी उभी राहून बघत होती. तांबडी नळी वाफेत गेली आणि काळी होऊन वर आली. "अगंबाई," ती म्हणाली, "बिघडवूनच दुरुस्त करायचं म्हण की."

आठवड्याची सॉना नळीने घेतली. आम्ही दोघांनी घरात बादलीत अंघोळ केली.

२२ जानेवारी, बुधवार

अठ्ठावन्न.

दोन गोळ्या क्लाइडला कार्डावर सापडल्याच नाहीत. भिंग फिरवत राहिला. मी म्हटलं, "सोड." क्लबची रायफल भिकार आहे, काडतुसं त्याहून भिकार, दिवा अजून तोच. हे सगळं खरं आहे. तरी कार्ड घडी घालून खिशात लपवलं.

परत येताना क्लाइडच्या गाडीत बोलून गेलो. "माझी रायफल जोडल्यावरही असंच झालं ना, तर बर्फाला भोक पाडून तळ्यात सोडून देईन तिला. आणि मग बसतो खुर्चीत. बुधवार गेला तर आठवड्यात राहतं काय?" क्लाइड एरवी मिनिटाला तीन विनोद करतो. आज वायपरकडे बघत राहिला. घराशी आल्यावर म्हणाला, "आधी जोडून तर बघ."

नेल्डा म्हणते डोळे दाखवून ये. मार्चमधली स्पर्धा होऊ दे, मग बघू. वडिलांचंही असंच डॉक्टरकडे जाण्यावरून सुरू झालं होतं.

२५ जानेवारी, शनिवार

सॉनातून बाहेर आलो तर स्वयंपाकघरात नेल्डा आणि क्लाइड कुजबुजत होते. मला पाहिलं आणि दोघंही पेस्टीत, म्हणजे त्यांच्या माहेरच्या त्या खिम्याच्या मोठ्या करंजीत, बटाटा जास्त की सलगमासारखा तो रुटाबागा जास्त ह्यावर बोलायला लागले. ह्या विषयावर त्यांचं लहानपणापासून एकमत आहे. माझा वाढदिवस जवळ आलाय, त्याचं काहीतरी शिजतंय.

नेल्डाला हल्ली गाडी चालवायची हौस आलीय. मी किल्ली घेतली की म्हणते, "दे इकडे, मला आवडतं." बर्फात गाडी चालवायला तिला कधीपासून आवडायला लागलं देव जाणे. ह्या वयात माणसाला काय आवडेल सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

अंदाज खरा ठरला. क्लाइडने वाढदिवसाला काडतुसं दिली, स्पर्धेतली, उंची, दोन डब्या! पूर्वी आम्ही असल्या डब्या दुकानात हातात घेऊन परत ठेवायचो. मी म्हटलं, "अरे, वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला, "तुझ्या रायफलीच्या नव्या झग्याला साजेसा दागिना नको?" नेल्डाने वेलदोड्याचा निसू, आमच्याकडचा गोड पाव, भाजला होता. माझ्या आईसारखा जमत नाही, पण बोललो नाही. तीन तुकडे खाल्ले.

रात्री रायफल जोडली. दस्ता मधाच्या रंगाचा, नळी काळी. खांद्याला लावून गाल टेकवला. लाकूड ऊबदार लागलं. बर्फ पडत होता, घर शांत होतं, आणि मी त्रेपन्न वर्षांपूर्वीचा खाणीतून आलेला पोरगा होतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

त्र्याण्णव!

क्लाइडने आकडा सांगितला तेव्हा मी म्हटलं, "चेष्टा करू नकोस." त्याने कार्ड पुढे केलं. ठिपक्यांच्या पोटात भोकं. लूसिलने टाळ्या वाजवल्या. मार्विन छताकडे बघत होता.

म्हणजे लाकूडच होतं! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. लाकूड आणि हलकी काडतुसं. माणूस उगाच स्वतःवर शंका घेतो.

एकच घोटाळा. कार्डाच्या पांढऱ्या भागात तीन-चार भोकं होती. क्लाइड म्हणाला, "ही मार्विनची. त्याने तुझ्या कार्डावर मारल्या." मार्विन म्हणाला, "हो, माझ्याच असणार." मी त्याला म्हटलं, "मार्विन, रागावू नकोस, पण डोळे तपासून घे." तो म्हणाला, "घेतो."

१२ फेब्रुवारी, बुधवार

शहाण्णव. नेल्डाने कार्ड फ्रिजवर लावलं. लावताना तिचे डोळे भरून आले. मला वाटलं नव्हतं तिला चांदमारीचं एवढं असेल.

उंची माल तो उंची माल. गोळी कागदातून जाते तेव्हा भोकाला काळपट कडा येते, मेणाची आणि शिशाची, बोटाला लागते. ह्यातल्या बऱ्याच भोकांना तशी कडाच नाही. नुसतं स्वच्छ भोक, कडेला जराशी चमक. एवढं सफाईचं काडतूस मी आयुष्यात पाहिलं नाही. मार्विनच्या भोकांना मात्र काळी कडा आहे. तो कंजूस, हलकाच माल वापरतो.

आज तेल नाही. पुढचा हात रविवारी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

क्लाइडच्या डबीवर छापलेला घाण्याचा आकडा, म्हणजे काडतुसं कुठल्या खेपेत बनली तो, उजवा डोळा मिटून वाचला. उजवा हल्ली लवकर थकतो. चांदमारीतल्या कुणालाही विचारा: कारखान्याच्या एका घाण्याची काडतुसं एखाद्या रायफलीला मानवतात, दुसऱ्या घाण्याची नाही. आणि मानवणारा घाणा सापडला की तो संपायच्या आत उचलावा. पुन्हा जन्मात मिळत नाही.

दुकानदाराकडे त्याच घाण्याची एक अख्खी पेटी शिल्लक होती. किंमत ऐकून मी खुर्ची मागितली. मग विचार केला, मासेमारीचं खोपटं तसंही गोठलेल्या तळ्यावर नुसतं उभं आहे. गेली दोन वर्षं मला गळाची गाठ नीट मारता येत नाही, बोटं जाड झालीत. खोपटं आणि बर्फाला भोक पाडायचं यंत्र विकायला काढलं.

नेल्डा म्हणाली, "ते खोपटं तू आणि तुझ्या वडिलांनी बांधलंय, रेइनो." मी म्हटलं, "वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं." ती बाहेर जाऊन बर्फ उपसायला लागली. बर्फ मी सकाळीच उपसला होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

क्लाइडला पेटीचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "अख्खी पेटी? अरे, डबी-डबीने घेऊन बघायचं ना. काडतुसांचं काय खरं असतं?" मी म्हटलं, "शहाण्णव, लेका, शहाण्णव! तूच मोजलेस." त्यावर तो भिंग पुसत बसला. चहाड्या करण्याचा माझा स्वभाव नाही, पण हे वहीत लिहितो: क्लाइडचे स्वतःचे गुण हल्ली ऐंशीच्या आसपास घोटाळतात. हात थरथरतो त्याचा, म्हणतो थंडीने. थोडी जळजळ होणारच. माणूसच आहे.

खोपटं कुणी घेतलं असेल? क्लाइडनेच! मागितली तेवढी किंमत दिली, घासाघीससुद्धा नाही. त्याला मासा गळाला लावता येत नाही, सोलता येत नाही, खायलाही आवडत नाही. विचारलं तर म्हणाला, "आता आवडायला लागला." एकीला गाडी आवडायला लागली, दुसऱ्याला मासे. ट्रेव्हॅरोंच्या रक्तातच काहीतरी असावं.

आज पंच्याण्णव.

५ मार्च, बुधवार

क्लाइडशी भांडलो.

एकोणीस तारखेला तळ्यापलीकडच्या क्लबशी सामना. वर्षातला हा एकच सामना मोजला जातो, बाकीचे बुधवार आमचे घरचे. क्लाइड चाचरत म्हणाला, "ह्या वर्षी तू राखीव राहतोस का? तिथला उजेड वेगळा असतो. लूसिलच्या भाचीला घेऊ." मी म्हटलं, "आम्हा चौघांत सगळ्यात जास्त गुण कुणाचे?" तो म्हणाला, "तुझे." "मग?" तो म्हणाला, "तिथे कार्ड समोरचे लोक मोजतात, रेइनो." मी म्हटलं, "मोजू देत ना! मोजून मोजून थकू देत. तुझ्या पोटात दुखतंय ते सरळ सांग."

हे बोलायला नको होतं. तो गाडीत बसून निघून गेला. त्याची पेन्सिल बाकावरच राहिली. पार झिजून बोटाएवढी झालीय. वर्षभर एक पेन्सिल पुरते त्याला. एवढं काय लिहितो कोण जाणे.

१९ मार्च, बुधवार

नेल्डाने गाडी चालवली. क्लाइड मागे बसला होता. कुणी बोललं नाही. तळ्यावरचा बर्फ काठाशी काळा पडायला लागलाय, तो वाटभर दिसत होता.

त्यांच्या तळघरात दिवे लख्ख, नवे. मी मनात म्हटलं, चला, दिव्याचं तरी रडगाणं नाही. पालथा पडलो, गाल दस्त्याला लावला. जवसाचा वास आला. ठिपक्याकडे पाहिलं तर मधोमध तोच धुरकट डाग.

दिवा नवा होता. डाग तोच होता.

तरी दहा गोळ्या मारल्या. दुसरं काय करणार?

माझं कार्ड मोजलं त्यांच्या इर्मा किन्नुनेनने. इर्माच्या तोंडाला कुणी लागत नाही. आमच्या सामन्यांत तिने भल्याभल्यांची सालटी काढलीत. आज तिने कार्ड एकदा मोजलं, दोनदा मोजलं, मग आपला चष्मा पुसला. म्हणाली, "रेइनो, तीन गोळ्या मला सापडत नाहीत. तुम्ही दहा मारल्यात ना?" इतक्या मऊ आवाजात बोलली की मला तिची भीती वाटली. "मारल्या," मी म्हणालो. "एक्केचाळीस," ती म्हणाली, आणि आकडा अगदी बारीक लिहिला.

आम्ही हरलो. त्यांनी कॉफी दिली, लिंबाच्या वड्या दिल्या. सगळे हवामानावर बोलत होते. ह्या वर्षी बर्फ लवकर वितळेल असं सगळ्यांचं मत पडलं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी फ्रिजवरचं शहाण्णववालं कार्ड काढलं. कालचं एक्केचाळीसवालं त्याच्याशेजारी खिडकीपाशी ठेवलं. दोन्हींची काडतुसं त्याच घाण्याची, रायफल तीच.

कालच्या प्रत्येक भोकाला काळी कडा. बोट फिरवलं की बोट काळं होतं.

मग शहाण्णववर बोट फिरवलं. तीन महिने हे बोट लाकडावरून फिरतंय, त्याला आता डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. ठिपक्यांच्या पोटातल्या दोन भोकांना काळी कडा. बाकीच्यांना नाही. ती भोकं कागद ताणून पाडलेली, कडेला राखी चमक. पेन्सिलीची. आणि पांढऱ्या भागातली, मार्विनची म्हणून सांगितलेली भोकं काळ्या कडेची. माझी.

कार्डं खाली ठेवली. उजवा डोळा मिटून बाहेर पाहिलं. विजेचा खांब सरळ होता. डावा मिटला. खांबाने पोट काढलं.

गार सॉनात जाऊन बसलो. नेल्डा आली, शेजारी बसली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "कॉफी तू कपाच्या बाहेर ओतायला लागलास तेव्हापासून."

"आणि पेन्सिल?"

"तू तळ्याचं आणि खुर्चीचं बोललास त्याच शनिवारी, तू सॉनात असताना, क्लाइड इथे येऊन रडला. लहानपणी रडायचा तसा. म्हणाला, नेल्डी, त्याचा बुधवार जाऊ द्यायचा नाही. मी म्हटलं, नको जाऊ देऊस." मग चिडून म्हणाली, "तू पेटी उचलशील हे आम्हाला काय ठाऊक! एवढा हिशोबी माणूस!"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दोन्ही एकदम आलं. मार्विनचं आठवलं. आठवडेच्या आठवडे त्या बिचाऱ्याने माझ्या गोळ्या स्वतःच्या नावावर घेतल्या आणि वर माझा उपदेश ऐकून घेतला.

राग येतोय का, हे शोधत होतो. असेल कुठेतरी. सापडला नाही.

२२ मार्च, शनिवार

क्लाइड सॉनाला आला. वरच्या फळीवर बसलो. दगडांवर पाणी टाकलं, वाफेत दोघंही दिसेनासे झालो, तेव्हा तो म्हणाला, "चुकलंच माझं."

मी म्हटलं, "शहाण्णव जरा जास्त झाले. अठ्ठ्याऐंशी दिले असतेस तर मी पेटी घेतली नसती."

"हात चालू झाला की थांबवत नाही रे."

मग तो म्हणाला, "खोपटं तुझंच आहे. मी आत पाऊलही टाकलेलं नाही. माशांचा वास येतो तिथे." मी म्हटलं, "राहू दे तुझ्याकडेच. मला गाठ दिसत नाही. तू गाठ मार, मी तुला मासा धरायला शिकवतो." तो म्हणाला, "ह्यापेक्षा पैसे परत घे."

मग मी विचारलं, "वडील कितव्या वर्षी बसले खुर्चीत, आठवतं तुला?" त्याने आणखी पाणी टाकलं. म्हणाला, "त्यांना कुणी बुधवारी न्यायला येत नव्हतं, रेइनो."

१ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, परत यायचा नाही. डावा अजून शाबूत, त्याला सांभाळायचं, गोळ्या घ्यायच्या, तपासत राहायचं. गाडी मी चालवायची नाही. वडिलांना हेच झालं असणार, त्या काळी त्याला वय म्हणायचे. बाई म्हणाल्या, "काही विचारायचंय?" मी विचारलं, "बर्फ थांबला का?" त्यांनी गोंधळून खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, ऊन पडलंय." नेल्डाने माझा हात घट्ट धरला.

घरी येऊन दस्त्याला तेलाचा हात दिला. ह्या महिन्याचा. दिवा लावला नाही, हातानेच चोळला. कोरडा पट्टा राहिला नाही.

९ एप्रिल, बुधवार

क्लाइड न्यायला आला. मी रायफल घेतली, पेटीतल्या चार डब्या घेतल्या, आणि वाटेत त्याला सांगितलं, "आज तू माझ्या रायफलीने मारायचं. एवढी काडतुसं मी काय लोणचं घालू?"

तळघरात गेल्या गेल्या मार्विनला म्हटलं, "मी डोळे तपासून घेतले." तो म्हणाला, "बरं केलंस. मला कुणीतरी कधीचं सांगत होतं, माझं राहूनच गेलं." लूसिल इतकी हसली की तिला खोकला लागला. दिव्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हा फेब्रुवारीतच बदललाय, महाशय."

क्लाइड पालथा पडला. मी मागे बाकावर बसलो. त्याचा गाल दस्त्यावर टेकला तेव्हा मला माझ्याच गालाला लाकूड लागल्यासारखं वाटलं. थोडा हेवा वाटला, खोटं कशाला लिहू? मार्विन म्हणतो, डाव्या खांद्याने मारायला शीक. क्लाइड म्हणतो, ह्याला उजव्याने जमायला पन्नास वर्षं लागली, डाव्याने एकशे बावीसाव्या वर्षी चमकेल. बघू. दस्त्याचा गालाचा उंचवटा दुसऱ्या बाजूला घ्यावा लागेल, म्हणजे पुन्हा खरवडणं आलं, पुन्हा आठवडाभर रोज तेल. मनात आखायला लागलोय.

दहा गोळ्या झाल्या. क्लाइडने कार्ड आणून माझ्या मांडीवर ठेवलं. शेजाऱ्याचं कार्ड शेजाऱ्याने मोजायचं, नियम तो नियम. एका हातात भिंग, दुसऱ्या हाताचं बोट ठिपक्यावरून. दहा, नऊ, दहा. सातव्याला बोट थांबलं. गोळी मधल्या रेघेच्या केसभर बाहेर होती. काळी कडा, खरीखुरी.

मी वर पाहिलं. क्लाइड हात काखेत दाबून उभा होता. थरथर दिसू नये म्हणून. एप्रिल उजाडला तरी म्हणतो थंडी आहे.

मी माझ्या कानामागची पेन्सिल काढली, त्या दिवशी तो बाकावर विसरला होता तीच.

"सातव्याला किती?" त्याने विचारलं.

"दहा," मी म्हणालो. "ह्या घाण्याची काडतुसं चांगली आहेत."